पान सदुसष्ट पाहा

आमच्या गावच्या मोटरघरातला पंप जळाला, तेव्हा मी मिरजेच्या दवाखान्यात गुडघा बदलून पलंगावर पडलो होतो. म्हणजे कायद्याने पाहिलं तर त्यात माझा काही हात नव्हता. ग्रामसभेच्या ठरावातही माझं नाव दोषी म्हणून कुठे नाही. उलट त्याच ठरावात माझं अभिनंदन केलेलं आहे. ते कसं, ते पुढे येईल. पण पंप माझ्याच हातून जळाला, हे मला पक्कं ठाऊक आहे.

आमचं गाव पलूसच्या अलीकडे, कृष्णेच्या काठाला. नदीकाठी मोटरघर आहे. तिथून पाणी टेकावरच्या टाकीत चढतं आणि टाकीतून घरोघरच्या नळाला येतं. हे काम मी तेहतीस वर्षं केलं. नुसत्या आवाजावरून मला पंपाची तब्येत कळायची. माझी बायको रंगूबाई म्हणते, तिचा आवाज बसला तर मला चार दिवस पत्ता लागत नाही, पण पंपाचा बसला तर मी ताटावरून उठून पळतो. हे खरं आहे, म्हणून मी त्यावर बोलत नाही.

गुडघ्यांनी दगा दिला आणि मिरजेच्या डॉक्टरांनी तारीख दिली. पंचायतीने माझ्या जागी मायाला घेतलं, तीन महिन्यांच्या बोलीवर, काम जमलं तर पुढे कायम. माया आमच्याच गल्लीतली सून. बारावी झालेली. नवरा ट्रकवर, महिनामहिना बाहेर. आठ वर्षांची पल्लवी नावाची मुलगी. नोकरी टिकली तर मायलेकी गावात एकत्र राहणार. नाही टिकली तर मायाला शिरवळला बहिणीकडे राहून कंपनीत जावं लागणार, आणि पोरगी सासूजवळ मागे राहणार. हे तिने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. वर म्हणाली होती,

"आवं आप्पा, आठ दिवस मला तुमच्यासंगं उबं ऱ्हाऊ द्या. तुमी निस्तं बगा. मी माज्या हातानं करते. चुकलं की तितंच बोला."

याला 'बरं' एवढंच उत्तर होतं. मला स्वतःला हे काम कोणी शिकवलं? जुन्या मेस्त्रीने माझं मनगट धरून. पण मी म्हणालो,

"त्याची कायबी गरज न्हाई पोरी. मी वही लिवतोय."

आता वहीचं सांगायला हवं. मी अक्षरं शिकलो ती बावन्नाव्या वर्षी, शाळेच्या व्हरांड्यातल्या साक्षरता वर्गात. तोपर्यंत पगाराच्या कागदावर माझा अंगठा असायचा. रंगूबाई माझ्या आधी सहा महिने त्या वर्गाला जात होती, त्यामुळे ती मला अजूनही मागच्या बाकावरचा समजते. मी सगळ्यात आधी स्वतःचं नाव लिहायला शिकलो. आप्पासो. ते नाव मी पिठाच्या डब्यावर, सायकलच्या मडगार्डवर आणि म्हशीच्या दाव्याला बांधलेल्या पत्र्यावर लिहिलं. म्हैस रंगूबाईच्या माहेरची, त्यावरून घरात जे झालं ते इथे लिहीत नाही. सांगायचं एवढंच की, उशिरा मिळालेली वस्तू माणूस जरा जास्तच मिरवतो.

पहिल्या दिवशी मी वहीच्या पहिल्या पानावर आठ ओळी लिहिल्या. पंपात पाणी भर. हवा जाऊ दे. मग मोटर चालू कर. दाबाचा काटा चढला का बघ. काटा चढला नाही तर काही विचार न करता आधी मोटर बंद कर. अशा. रंगूबाईने वाचलं आणि म्हणाली, "झालं की! ह्येच फाडून भित्तीला चिकटवा."

तेहतीस वर्षं आणि आठ ओळी! मला ते फार लागलं. मी वही घेऊन सरळ सुभेदाराकडे गेलो.

मानसिंग सुभेदार पलटणीतून निवृत्त झालेला माणूस. त्याच्या अंगणात कुंड्यासुद्धा सावधान उभ्या असतात. त्याने वही हातात धरली, आठ ओळी वाचल्या आणि वही अशी परत दिली की जणू तिच्यावर काही सांडलं होतं.

"आप्पासो, गड्या, ही काय वही हाय व्हय? ही बाजाराची यादी हाय. आमच्याकडं बंदुकीचं पुस्तक एवढं जाड असायचं. शिस्त कुटं हाय ह्यात? मोटरघरात शिरताना चपला कुटं काढायच्या, ते लिवलंय का?"

"न्हाई."

"मग? पंप म्हंजे हत्यार. हत्याराजवळ चपला ओळीत पायजेत."

मी ते लिहून घेतलं. तिथून धनाजी वायरमनकडे गेलो. त्याने फ्यूजवर पाऊण तास सांगितलं. ते लिहून घेतलं. सरपंच लालासाहेब म्हणाले, "आप्पा, सुरुवातीला माझं मनोगत पायजे. फोटूसकट." मी वही घेऊन फिरतोय ही बातमी दोन दिवसांत गावभर झाली आणि ज्याने आयुष्यात मोटरघराचा उंबरा पाहिला नव्हता त्याचाही सल्ला येऊ लागला. दूध संघाच्या सचिवाने नदीचं पाणी गढूळ का होतं यावर तीन पानं स्वतःच लिहून आणून दिली.

आता पेच असा पडला की, हे सगळं घालायचं कुठे? आमच्याकडे लग्नपत्रिकेत चुलत्याचं नाव मामाच्या खाली गेलं तर चुलता मांडवात येतो आणि न जेवता परत जातो. सुभेदाराचा सल्ला वर आणि वायरमनचा खाली, असं लिहिलं असतं तर गल्लीत दोन वर्षं बोलणं बंद झालं असतं. शेवटी मी पत्रिका छापणारे करतात तेच केलं. प्रत्येकाला स्वतंत्र पान दिलं, वर त्याचं नाव, खाली त्याचा सल्ला. आणि पुढे जिथे कामाची गोष्ट होती तिथे नुसतं लिहिलं, 'पान अमुक पाहा.' कोणी कोणाच्या खाली नाही, कोणाचा मान जात नाही.

आणि खरं सांगायचं तर, हे 'पाहा' मला फार आवडू लागलं. त्यात कचेरीचा रुबाब होता. 'पंपात पाणी भरावे (पान २२ पाहा)' असं लिहिलं की मला आपण टेबलामागे बसलो आहोत असं वाटायचं. मग मी गरज नसतानाही 'पाहा' लिहू लागलो. बावीस पानावर एकतीस पाहा, एकतीसवर अठ्ठेचाळीस पाहा. एकच गोष्ट दोनदा कशाला लिहायची, कागद वाया कशाला घालवायचा, असं मी स्वतःला समजावत होतो. ज्याला वाचायचं आहे त्याच्या हाताला त्या वेळी दुसरं काही काम असेल, हे मनात आलं नाही. मी स्वतः मोटरघरात कधी पुस्तक उघडलं नव्हतं ना!

उरलंसुरलं तालुक्याच्या कचेरीत झालं. वही छापायची तर साहेबांची नजर हवी, असं ग्रामसेवक म्हणाले. साहेबांसाठी मी चार हेलपाटे घातले. पहिल्यांदा साहेब बैठकीला होते, दुसऱ्यांदा बैठकीहून आले नव्हते, तिसऱ्यांदा वही टपालात नोंदवलेली नव्हती. चौथ्यांदा भेटले. चष्म्यावरून बघत म्हणाले, "हे 'मोटर बंद कर' पहिल्याच पानावर कशाला? सुरू करायच्या आधीच बंद? धोक्याच्या सूचना परिशिष्टात जातात."

परिशिष्ट हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. इतका देखणा शब्द आपल्या वहीत येणार म्हणून मी हरखलो. घरी येऊन 'काटा चढला नाही तर आधी मोटर बंद कर' ही ओळ पहिल्या पानावरून खोडली आणि पान सदुसष्टवर नेली. परिशिष्ट क. पुढे लिहिलं, 'काटा न चढल्यास पान ३१ पाहा.' एकतीसवर लिहिलं, 'कारणांसाठी पान ४८ व त्वरित कृतीसाठी पान ६७ पाहा.' आणि शोभा यावी म्हणून पान चारवर चौकटीत लिहिलं, 'वहीत पाहिल्याशिवाय कोणत्याही बटणाला हात लावू नये.'

वही चौऱ्याण्णव पानांची झाली. पलूसच्या टायपिंगच्या दुकानात शिवांजली नावाची मुलगी काम करते. तिने टाइप करताना विचारलं, "आजोबा, टाइप केल्यावर ही एकेचाळीस पानं होतात. आतले पानांचे आकडे बदलायला लागतील. बदलू का?"

"एक अक्षर इकडचं तिकडं करायचं न्हाई," मी म्हणालो. "साहेबानं बगितल्यालं हाय."

ती मुलगी 'बरं' म्हणाली. तिचं ते 'बरं' अजून कानात आहे.

प्रकाशन झालं. शाल, नारळ, मनोगत. सुभेदाराने स्वतःचं पान उभं राहून वाचलं. बाकी कोणी वही उघडली नाही. मायाला पहिली प्रत दिली. ती म्हणाली, "आप्पा, मी समदं वाचते. पर निगायच्या आदी एकदा माज्या हातानं चालू करून बगू का, तुमच्याम्होरं?"

"आता येळ कुटं हाय? उद्या सकाळी मिरजंला निगायचंय. आन् हे बग, दवाखान्यात फोन करायचा न्हाई. जे पायजे ते समदं वहीत हाय."

त्याच संध्याकाळी रंगूबाई चुलीपुढे वही चाळत होती. म्हणाली, "आवं, पान बावीसवर पाणी भरायचं न्हाईच की. तितं सुभेदाराच्या चपला हायत."

"तू आदी नीट वाचायला शीक," मी म्हणालो.

"वाचतीया म्हणूनच सांगतीया."

मी वही घेऊन पाहिली. चपलाच होत्या. पण पिशवी भरून झाली होती, शाल घडी करून वर ठेवली होती. मी म्हणालो, "पोरगी हुशार हाय. शोदंल." आणि झोपलो.

मिरजेत माझ्या शेजारच्या पलंगावर तंबोरे करणारे एक कारागीर होते. बोटांना घट्टे पडलेले. मी त्यांना माझी वही दाखवली. त्यांनी ती मांडीवर ठेवली, उघडली नाही, आणि म्हणाले, "आमच्यात वही नसते. तार बोलती करायची तर शिकणाऱ्याचा हात हातात घेतात. दुसरा इलाज नाही." मला त्यांची कीव आली. बिचाऱ्यांच्या धंद्यात परिशिष्ट नाही, असं वाटलं. मी मनातल्या मनात दुसऱ्या आवृत्तीची तयारी करत होतो.

गावात काय झालं ते मला बारा दिवस कोणी सांगितलं नाही. रंगूबाई डबा आणायची आणि मी पंपाचं विचारलं की भाजीचं सांगायची. मी वॉकर धरून घरात शिरलो तेव्हा दारात चार रिकाम्या घागरी ओळीने ठेवलेल्या दिसल्या. नळ असलेल्या घरात घागरी कशाला? मग तिला सांगावंच लागलं.

पंप जळाला होता. पाच दिवस गावाला टँकर लागला. पंप सांगलीला नेऊन दुरुस्त करून आणला. बैठक झाली, "बाईच्या हातात मशीन दिलं हीच चूक" असं तीनचार जण बोलले आणि मायाला काढलं. ती एक शब्द बोलली नाही. शिरवळला गेली. सूरज नावाच्या एकाला तिच्या जागी घेतलं.

"वहीचं कायबी बोलली न्हाई?" मी विचारलं.

"न्हाई," रंगूबाई म्हणाली. "तुमी आजारी होता म्हणून बोलली नसंल."

मी वॉकर घेऊन मोटरघरात गेलो. मायाची प्रत खिडकीत तशीच होती. उघडली. पंपात पाणी भरून तिचे हात ओले होते, त्यामुळे पानांवर तिच्या बोटांचे ठसे उमटले होते, नदीच्या गाळाचे, पिवळसर. ज्या माणसाने अर्धं आयुष्य अंगठा उठवला त्याला ठसा वाचायला शिकवावं लागत नाही. ती सकाळ मी पानापानावरून वाचली.

पान तीनवर ठसा. काटा चढत नाही, पान एकतीस पाहा. खालच्या नळीच्या तोंडाला जलपर्णी अडकली असणार, पंप कोरडा फिरत असणार. पान एकतीसवर ठसा. तिथे गढूळ पाण्यावर सचिवांचा लेख. मग तिने एकेक पान उलटत शोधलं आहे, सहा, सात, आठ, प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात बोट. सरपंचांच्या फोटोवर बोट. आभारांवर बोट. पान दोनवर, त्या चौकटीवर, दोनदा. वहीत पाहिल्याशिवाय बटणाला हात लावू नये. शेवटी पान चौदावर तिला ती ओळ सापडली होती, 'त्वरित कृतीसाठी पान ६७ पाहा.' त्या ओळीखाली तिने बोट फिरवलेलं होतं. आणि मग शेवटचं पान. एकेचाळीस. तिथे पाची बोटं उमटली होती. पुढे पुठ्ठा.

आणि पंपाला लागून असलेली भिंत काळी पडली होती.

सदुसष्टवरची ती ओळ छपाईत पान एकोणतीसवर गेली होती. त्या पानाला बोट लागलं नव्हतं. एकतीसच्या अलीकडे फक्त दोन पानं.

पुढच्या ग्रामसभेत मी उभा राहिलो. वॉकरमुळे लोकांनी मान देऊन जागा केली. मी म्हणालो, "चूक मायाची न्हाई. चूक वहीची हाय."

"थांब आप्पासो," सुभेदार उठला. "माज्या पानात काय चूक हाय ते दाखीव."

"तुज्या पानात न्हाई रं..."

"माजंबी पान बराबर हाय," धनाजी वायरमन म्हणाला. "सांगलीच्या मेस्त्रीला इचारून घ्या."

"माझ्या मनोगताचं तर आमदारांनी कवतिक केलंय," लालासाहेब म्हणाले.

"समद्यांची पानं बराबर हायत," मी ओरडलो. "रस्ता चुकलाय! आन् रस्ता मी केलाय!"

मग कोणीतरी म्हणालं की, ऑपरेशननंतर म्हातारी माणसं अशी हळवी होतात. ग्रामसेवकांनी ठराव वाचला: आप्पासो यांनी इतक्या आजारपणातही योजनेची काळजी वाहिली, याबद्दल ही सभा त्यांचे अभिनंदन करते. टाळ्या झाल्या. मायाचं नाव ठरावात नव्हतं. सूरजला काढा असं मी कोणत्या तोंडाने म्हणणार होतो? त्यालाही घरदार आहे.

घरी येऊन मी जुनी हातची वही काढली, पहिलं पान शोधलं आणि त्या आठ ओळी एका कागदावर पुन्हा उतरवल्या. आता पहिली ओळ होती, 'काटा चढला नाही तर आधी मोटर बंद कर. मग वाच.' पानांचे आकडे नाहीत, कंस नाहीत. रंगूबाईने वाचलं आणि एसटीच्या भाड्याचे पैसे माझ्या हातावर ठेवले. ते जास्त लागलं.

कागद खिशात घालून मी एसटीने साताऱ्यापर्यंत गेलो, तिथे गाडी बदलून शिरवळला. जेवणाच्या सुट्टीत माया कंपनीच्या फाटकाबाहेर आली. डोक्याला जाळीची टोपी, हातात डबा. मला पाहून आधी घाबरली.

"आप्पा! पल्लवी बरी हाय न्हवं?"

"बरी हाय. शाळंतनं आली की आमच्या ओट्यावर बसती. रंगूबाईला पाढे शिकवती."

ती हसली. मग आम्ही दोघं पिंपळाखालच्या कट्ट्यावर बसलो. मी म्हणालो, "पोरी, मी चुकलो." एवढंच जमलं. एसटीत मी पुष्कळ जुळवून आणलं होतं.

"जाऊ द्या वो," ती म्हणाली. "मलाबी कळत हुतं, बंद करावं. आवाजच तसा येत हुता. पर म्हनलं, आप्पांनी लिवलंय, आदी बगावं. तुमच्या शबुदाच्या भाईर कसं जायाचं?"

मी कागद काढून दिला. तिने डबा बाजूला ठेवला, हात ओढणीला पुसले आणि एकेक ओळ वाचली.

"हितं आमच्या मशीनवर अशीच पाटी हाय," ती म्हणाली. "लय बरी. बगायला मान वळवावी लागती, पान न्हाई." मग खाली बोट ठेवून थांबली. "ह्ये काय?"

तळाला मी एक ओळ घातली होती. 'अधिक माहितीसाठी आप्पासो यांना विचारा.'

"तेवडं असू दे की," मी म्हणालो.

"आन् तुमी नसल्यावर?" ती म्हणाली. मग जीभ चावून, "म्हंजे मिरजंला गेल्यावर वो."

भोंगा झाला. तिने कागद परत दिला, पल्लवीसाठी क्लिपांचं पाकीट दिलं आणि टोपी सारखी करत आत गेली. परत ये असं मी तिला म्हणालो नाही. म्हणण्यासारखं माझ्या हातात काही उरलं नव्हतं.

कट्ट्यावर बसूनच मी पेन काढलं. जे नाव मी सगळ्यात आधी लिहायला शिकलो होतो, त्यावर आडवी रेघ ओढली. पूर्ण ओळीवर.

गावी आल्यावर कागद पेंटरकडे दिला आणि सांगितलं, मोटरघराच्या भिंतीवर जसंच्या तसं रंगव, एक अक्षर इकडचं तिकडं नको. अर्जुना पेंटर सरळ माणूस. त्याने जसंच्या तसं रंगवलं. आठ ओळी निळ्या रंगात, हातभर मोठ्या. तळाला माझ्या नावाची ती ओळ, आणि त्यावर लाल रंगाची जाड रेघ.

येणारा-जाणारा विचारतो, हे नाव कुणाचं आणि खोडलं कशाला? सूरज दोनदा म्हणाला, "आप्पा, चुना मारून टाकू का त्यावर?" मी म्हणालो, असू दे. काटा चढला नाही की तो पहिली ओळ वाचतो आणि मोटर बंद करतो. खालपर्यंत वाचायची वेळ त्याच्यावर अजून आलेली नाही.